आई-बाबांना (७८ आणि ८१) घेऊन दादर-माटुंग्यात कुठे जेवायला जावं?

वडाळेकरीण
नमस्कार मंडळी. सांगलीहून आई-बाबा आलेत, संक्रांतीपर्यंत इथेच आहेत. आम्ही वडाळ्याला राहतो. दोघांनाही बाहेर जेवायला आवडतं पण आता अटी वाढल्यात, म्हणून विचारतेय. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा कुरकुरतोय, त्यामुळे जिना नको आणि रांगेत उभं राहणं तर अजिबात नको. बाबांना शुगर आहे आणि कानाला मशीन आहे, फार कलकलाट असला की ते मशीनच काढून खिशात टाकतात आणि मग आपण बोलतोय ते भिंतीला. आई शुद्ध शाकाहारी, बाबा मासे खातात. कवळी आहे. संध्याकाळी सातला जेवायची सवय, आठ वाजले की चिडचिड सुरू. बजेटचं म्हणाल तर माझं काही नाही पण आई मेनूकार्डाची उजवी बाजू आधी वाचते आणि मग 'मला फारशी भूक नाही गं' सुरू होतं.
चव बरी असली तरी चालेल, बसायला नीट हवं. गूगलवरचे रिव्ह्यू वाचले तर सगळे पंचविशीतले लोक 'व्हाइब भारी' लिहून गेलेत, त्याचा मला काय उपयोग.

रुईयाकर
अहो वडाळ्याला राहता आणि विचारता काय, माटुंगा दारात आहे तुमच्या. आमचं अख्खं कॉलेज तिथल्या इडल्यांवर झालंय. आता एकेक सांगतो.
ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग, माटुंगा सेंट्रल स्टेशनच्या बाहेर लगेच, १९४२ सालापासूनचं. केळीच्या पानावर जेवण. आधी काउंटरवर कूपन घ्यायचं, मग नाव-नंबर पुकारला की आत. ताटातलं लिमिटेड घ्या नाहीतर पानावरचं अनलिमिटेड. पान धुऊन समोर येतं, त्यावर आपणच पाणी शिंपडून हात फिरवायचा, मग वाढपी एका मागोमाग एक येतात, दोन भाज्या, कोशिंबीर, पापड, पुऱ्या किंवा चपात्या, मग भात, भातावर सांबार, नंतर परत भात आणि रसम, शेवटी ताक. रसम मागून वाटीत वेगळं घ्या आणि प्या, सर्दी असली तर जाते. टाकलेलं त्यांना चालत नाही, तशी पाटीच आहे, त्यामुळे 'वाढा वाढा' करताना भान ठेवायचं. बाबांना शुगर आहे तर भाताला वेळेवर हात आडवा करायला सांगा, ते लोक वाढायला लागले की थांबत नाहीत.
पण, आणि हा पण तुमच्यासाठी मोठा आहे, ते पहिल्या मजल्यावर आहे. जिना आहे.
कॅफे मद्रास भाऊदाजी रोडवर, १९४० चं, कामत कुटुंबाचं. कॅफे म्हैसूर किंग्ज सर्कलला, १९३६ चं. रामाश्रय स्टेशनजवळ, १९३९ चं. शारदा भवन आहे. सगळी तळमजल्यावर. वयाने बहुतेक सगळी तुमच्या बाबांपेक्षा मोठी!

वडाळेकरीण
बापरे, इतकं जवळ असून मी रामा नायकांकडे कधी गेलेच नाहीये. जिन्याला कठडा वगैरे आहे का हो? आईला विचारलं तर म्हणते 'तुम्ही जाऊन या, मी घरी वरण-भात लावते', जे मला नकोय.

सोमवार_बंद
जायच्या आधी वार बघा. माटुंग्यातली बरीच मंडळी सोमवारी बंद असतात, रामा नायक आणि कॅफे मद्रास दोन्ही. माझ्या सासऱ्यांना घेऊन ऐन सोमवारी टॅक्सीने गेलो, शटर बघितलं, आणि परत टॅक्सी मिळेपर्यंत त्यांनी मला मुंबईच्या एकूण परिस्थितीवर ऐकवलं. आयडी उगाच नाही घेतला हा.

गुडघेदुखी
ताई, हॉटेलांची नावं नंतर. माझी आई ८४ ची आहे, तिला घेऊन बरंच फिरते, त्यातून शिकलेलं सांगते.
उडिपी हॉटेलात बाकडं आणि टेबल यांच्यातली फट बघायची. जिथे बाकडं भिंतीला पक्कं केलेलं असतं तिथे आत सरकत सरकत जावं लागतं, आणि म्हाताऱ्या माणसाला सरकायला जमतं पण उठून बाहेर यायला जमत नाही कारण टेबलाला धरून जोर लावता येत नाही, टेबल मार्बलचं गुळगुळीत. तर त्यांना कायम कडेच्या जागेवर बसवा, आत आपण. सुटी खुर्ची मिळाली तर सोन्याहून पिवळं.
दुसरं, बेसिन कुठे आहे ते आधी बघून यायचं. जुन्या हॉटेलांत बेसिनजवळची फरशी कायम ओली असते. मी सरळ पाण्याची बाटली आणि नॅपकिन घेऊन जाते, हात जागेवरच.
तिसरं फोन. फोन करून 'पायऱ्या आहेत का' असं विचारलं तर सगळे 'नाही मॅडम' म्हणतात. 'रस्त्यावरून आत यायला किती पायऱ्या, धरायला काही आहे का, आणि टॉयलेट त्याच मजल्यावर आहे का' असं विचारायचं. मग तो फोन बाजूला ठेवून खरंच बघून येतो.
आणि वेळ. सगळ्यात महत्त्वाचं वेळ. शनिवार-रविवार सकाळी माटुंग्यात पाऊल टाकू नका, अख्खी मुंबई तिथे डोसा खायला उभी असते. मंगळवार ते गुरुवार, संध्याकाळी पाच ते साडेसहा. दुकानं तीच, चव तीच, पण वेटर तुमच्याशी बोलायला मोकळा असतो.

रुईयाकर
गुडघेदुखी यांना शंभर टक्के अनुमोदन. फक्त कॅफे मद्रास दुपारी मधे बंद असतं, चारच्या सुमाराला परत उघडतं, तेव्हा पोचलात तर निवांत. जिन्याचं विचारलंत, कठडा आहे, पण जेवणाच्या वेळी जिन्यावर आणि वर वाट बघणारी माणसं असतात, तेच अवघड. आईंना न्यायचंच असेल तर दुपारच्या जेवणाला उघडल्या उघडल्या, अकराच्या आत, हळूहळू चढून.

कोकमचा_आगळ
बाबा मासे खातात हे वाचलं आणि लिहायला बसलो. शाकाहारी आणि मासेखाऊ एकत्र न्यायचे तर दादरला सिंधुदुर्ग बरं, शिवसेना भवनाच्या परिसरात. आईंना मालवणी पद्धतीची शाकाहारी थाळी मिळते, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार असलं काय काय. वाटाणे मऊ शिजलेत का ते विचारून घ्या, कवळी.
आता कवळीवाल्यांचे मासे, हा माझा अभ्यासाचा विषय. सुरमईची मधली तुकडी घ्या, काटा मोठा, दिसतो, बाजूला होतो. पापलेट उत्तम पण आईंनी किंमत वाचली तर जेवण तिथेच संपेल. बोंबील फ्राय चपटा करून मधला काटा काढून तळतात तिथेच घ्या, विचारून. मांदेली, पेडवे वगैरे विसरा, आता ते आपल्या आठवणीत. आणि सगळ्यात सोयीची मोरी, म्हणजे छोटा शार्क. मोरीला बारीक काटेच नसतात, मसाल्यात मऊ शिजते, भाकरी रश्श्यात बुडवून खाता येते. पण मोरी म्हटलं की लोक नाक मुरडतात. मुरडू देत.
बांद्र्याचं हायवे गोमांतकही आहे, गांधीनगरात, मासे अप्रतिम, पण दुपारी बाहेर थांबावं लागतं, आईंना घेऊन नको. बाबांना एकट्याला न्या, सव्वाबाराच्या आत.
जून-जुलैत या लोकांना घेऊन मासे खायला जाणं मी टाळतो, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बरंचसं फ्रीजरचं असतं. तुम्ही आता थंडीत आहात, नशीबवान आहात.

मिस्टर_प्रॅक्टिकल
एवढा खटाटोप कशाला, अॅपवरून घरी मागवा. सगळी हॉटेलं येतात. गुडघे पण खूश, कान पण खूश.

गुडघेदुखी
डोसा डब्यात अर्धा तास बसला की त्याचा रुमाल होतो.

वडाळेकरीण
मिस्टर प्रॅक्टिकल, मागवते की, आठवड्यातून एकदा तरी मागवतेच. पण आईला तयार व्हायचं असतं हो. दुपारपासून कपाटापुढे उभी राहून कुठली साडी नेसू चालू होतं, बाबा इस्त्रीचा शर्ट काढतात. टीपॉयवर प्लॅस्टिकचा डबा उघडण्यासाठी कोण इस्त्रीचा शर्ट घालेल.

मिस्टर_प्रॅक्टिकल
मान्य. माघार.

शिवाजीपार्कचा_कट्टा
दादर पश्चिमेचं मी सांगतो, जन्म इथलाच.
आस्वाद, गडकरी चौकात सेनाभवनासमोर. त्यांच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हबचा जगातल्या सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा पुरस्कार मिळाला आणि तेव्हापासून शनिवार-रविवारी बाहेर माणसं उभी असतात, त्यात निम्मी फोटो काढायला आलेली. मिसळ चांगलीच आहे पण माझं मत विचाराल तर तिथे थालीपीठ आणि कोथिंबीर वडी घ्यावी. तुमच्या सांगलीकर बाबांना ती मिसळ गोडसर वाटेल हे आधीच सांगून ठेवतो, उगाच 'यात कट कुठाय' म्हणून विचारतील. मुंबईची मिसळ वेगळी, त्यावर वाद नको.
प्रकाश शाकाहारी उपहार केंद्र, पार्काजवळ. साबुदाणा वडा. बाहेरचा पापुद्रा कुरकुरीत, आत मऊ, दाण्याचं कूट भरड, आणि तेल हाताला लागत नाही. सोबतची चटणी दह्यातली, गोड. तिथे पियूष पण घेतात लोक पण तो श्रीखंडाचाच भाऊ आहे, बाबांना नको, आईंना द्या अर्धा. जागा छोटी, टेबल शेअर करावं लागतं, समोर अनोळखी माणूस बसतो. आमच्या पिढीला त्याचं काही वाटत नाही, उलट गप्पा होतात.
मामा काणे, दादर स्टेशनसमोर, १९१० चं. बटाटेवडा. पण स्टेशनसमोरची गर्दी बघता आई-बाबांना तिथे उतरवणं म्हणजे धाडसच, मी नाही सांगणार. छबिलदासच्या गल्लीतला श्रीकृष्णचा वडा तुम्ही पार्सल आणा.
संकष्टीला मात्र आस्वाद, प्रकाश, कुठेच जाऊ नका. उकडीच्या मोदकांसाठी झुंबड असते. त्यात मंगळवारी अंगारकी आली तर दादरमध्येच येऊ नका, सिद्धिविनायकाची गर्दी पण इकडेच.
खाऊन झालं की पार्काच्या कट्ट्यावर बसवा दोघांना. फुकट, वारा येतो, आणि समोर कोणी ना कोणी क्रिकेट खेळत असतंच.

पसारेवाली
एक अनुभव सांगते, नाव सांगत नाही. मॉलमधलं बुफेवालं हॉटेल, नवऱ्याच्या ऑफिसचं कूपन होतं म्हणून सासू-सासऱ्यांना नेलं. पहिली गोष्ट म्हणजे एसी इतका की सासूबाईंनी पदर डोक्यावरून घेतला तो शेवटपर्यंत. संगीत मोठ्याने. उठून स्वतः वाढून घ्यायचं, आणि सासरे काठी धरतील की ताट? आम्ही त्यांच्यासाठी आणत राहिलो तर तो पोरगा येऊन म्हणतो सर एकाच्या प्लेटमधून दुसऱ्याला नाही चालणार. अहो आम्ही चौघांचे पैसे भरलेत! शेवटी सासऱ्यांनी दही-भात मागितला. एवढ्या पन्नास पदार्थांत दही-भात नव्हता. बिल बघून सासूबाई अजून अधूनमधून विचारतात की त्या दिवशी एकूण किती झाले होते. आम्ही अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

सोमवार_बंद
दही-भात नव्हता हे खरं दुःख.

कोल्हापुरी_जावई
सांगलीकर पाव्हण्यांना मुंबईत मिसळ खायला घालू नका एवढंच सांगतो. भांडणं हुतील. इडली-डोसाच बरा.

रुईयाकर
त्यातून आठवलं, बाबांच्या शुगरसाठी कॅफे मद्रासला नाचणीचा डोसा मिळतो, मुगाचा पेसरट्टू मिळतो, ते मागवा. रसम वडा आईंना, वडा रसमात मुरलेला असतो त्यामुळे चावायला त्रास नाही. कॉफी 'बिनसाखर' असं ऑर्डर देतानाच ठासून सांगा, नाहीतर साखर घालूनच येते. इडली हाऊस पण बघा किंग्ज सर्कलला, फणसाच्या पानांच्या द्रोणात उकडलेली इडली मिळते, पानाचा वास लागतो तिला. लोणी वर.
आणि बाबांना आम्लेट वगैरे चालत असेल तर किंग्ज सर्कललाच कूलर अँड कंपनी, जुनं इराणी, कोपऱ्यावर. लाकडी खुर्च्या, बन मस्का, चहा. तिथे कोणी उठवत नाही. आम्ही तिथे एका चहावर दोन-दोन लेक्चर्स बुडवलेली आहेत, प्राध्यापकही तिथेच बसलेले असायचे त्यामुळे कोणी कोणाला विचारायचं नाही.

वडाळेकरीण
रिपोर्ट देते. बुधवारी गेलो, कॅफे मद्रासला. टॅक्सीवाल्याने आधी नाही म्हटलं, जवळचं भाडं म्हणून, तुम्हाला माहितीये इथे रिक्षा येत नाहीत, सायनच्या पलीकडेच थांबतात, मग आईला बघून तयार झाला. चारला उघडल्या उघडल्या पोचलो. बाहेर एक कॉलेजची जोडी आणि आम्ही, बास.
गुडघेदुखी, तुमची कडेची जागा! आईला कडेला बसवलं, मी आत सरकले. बाबांनी नाचणीचा डोसा घेतला, पहिला घास घेऊन काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले भाकरीपेक्षा बरा आहे. हे त्यांच्याकडून मोठं सर्टिफिकेट समजा. आईचा रसम वडा बघून त्यांनी त्यातला अर्धा पळवला. मग कॉफी आली, पितळी वाटी आणि पेला, आणि बाबांनी ती वरून खाली, खालून वर अशी ओतायला सुरुवात केली, अगदी हात लांब करून, थेंब सांडला नाही. मी आयुष्यात त्यांना असं करताना बघितलेलं नाही. म्हटलं हे कुठे शिकलात, तर म्हणे लग्नाआधी मुंबईला नोकरीला होतो तेव्हा. साखर मात्र होतीच कॉफीत, मी ठासून सांगायला विसरले नव्हते, बाबांनीच मागून खूण केली असणार असा माझा संशय आहे.
आईने मेनूकार्ड वाचलं. उजवी बाजू वाचली. आणि म्हणाली 'इथे परत यायला हरकत नाही.'
येताना म्हैसूर कन्सर्न्समधून कॉफी पावडर घेतली. समोर दळून देतात, चिकोरी किती टाकायची ते विचारतात. पिशवी मांडीवर ठेवून आई टॅक्सीत अख्खा रस्ता तिचा वास घेत होती.

गुडघेदुखी
वा! आणि आवाजाचं काय, मशीन खिशात गेलं का?

वडाळेकरीण
नाही गेलं! त्या वेळी हॉटेलात भांड्यांचा आवाज सोडला तर काही नव्हतं. साडेपाचला निघालो तेव्हा गर्दी सुरू झाली होती, अजून अर्धा तास बसलो असतो तर गेलं असतं खिशात.
आता पुढचं. बाबा त्या कॉफीनंतर सुरूच झालेत. ते १९६७ ते ७० गिरगावात होते, एका छापखान्यात हिशेब बघायचे, खोलीवर चौघं राहायचे. खोताच्या वाडीत अनंताश्रम नावाची खानावळ होती, तिथे रोज मासे खायचे म्हणे. आता न्यायला सांगतायत. आहे का ते अजून?

कोकमचा_आगळ
नाही हो, अनंताश्रम बंद होऊन बरीच वर्षं झाली. माझे काका तिथले नेहमीचे. बोर्डावर त्या दिवशीचं जे लिहिलेलं तेच मिळायचं, आणि जास्त चौकशा केलेल्या मालकांना खपायच्या नाहीत. काका म्हणायचे की तिथे जेवताना गप्पा मारल्या तर वाढपी असा बघायचा की माणूस आपोआप मुकाट जेवायला लागायचा. कालवण मात्र असं की लोक तरी जायचे. बाबांना विचारा, त्यांना हे सगळं आठवत असेल.

वडाळेकरीण
विचारलं. म्हणाले 'बोलायचं कशाला, जेवायला जायचो.' आणि आता बंद आहे सांगितल्यावर थोडे गप्प झाले, मग म्हणाले वाडी तरी आहे ना, वाडी बघू.

पसारेवाली
वाडी आहे. आमचं माहेर ठाकूरद्वारचं. जुनी लाकडी घरं थोडीच राहिलीत, मधे मधे इमारती आल्या, पण गल्ल्या त्याच आणि सपाट आहेत, चालायला बऱ्या. सकाळी न्या, उन्हं चढायच्या आत. मग जवळच फणसवाडीत विनय हेल्थ होम आहे, मिसळ, पातळ पोहे, असलं. पणशीकर आहे गिरगावात, तिथे साबुदाण्याची खिचडी, आईंना. दोन्ही जुनी, बाबांच्या वेळचीच.
कोल्हापुरी जावई यांनी मिसळीचं वाचून परत भांडू नये, ही विनयची मिसळ आहे, तिला वेगळं बघा.

कोल्हापुरी_जावई
आम्ही कुठं काय बोल्लो. फक्त तर्री मागू म्हणतो.

शिवाजीपार्कचा_कट्टा
गिरगावला जाणार असाल तर टॅक्सीने नका, मेट्रोने जा. ॲक्वा लाइन ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण चालू झालीये, कफ परेडपर्यंत, गिरगावला स्टेशन आहे. दादरला बसा, मधे बदलायचं नाही, लिफ्ट रस्त्यापर्यंत. माझ्या मावशीला वॉकर घेऊन नेलं. लोकलला तिला चढवायचं म्हणजे मी आणि दोन अनोळखी माणसं लागायची.
फक्त स्टेशनवर लिफ्ट कोणत्या गेटला आहे ते आत शिरायच्या आधी विचारा, सगळ्या गेटांना नसते आणि सरकता जिना बघून ज्येष्ठ मंडळी अडून बसतात.

सोमवार_बंद
आणि गिरगावातून पुढे टॅक्सी करून बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया. १९२३ चं, फक्त दुपारी उघडं असतं, बेरी पुलाव. इराणहून येणारी झिरिश्क बेरी, आंबट, भातावर पसरलेली. तळमजला, छत उंच, त्यामुळे आवाज वर जातो. आईंना त्याचा शाकाहारी पुलाव मिळतो. पूर्वी बोमन कोहिनूर स्वतः टेबलापाशी येऊन गप्पा मारायचे, २०१९ मध्ये गेले ते, ९७ व्या वर्षी. तुमच्या बाबांची आणि त्यांची गाठ पडायला हवी होती.

वडाळेकरीण
एका दिवसात वाडी आणि ब्रिटानिया दोन्ही नाही जमणार हो, आई दुपारी झोपते. वाडी आणि पणशीकर ठरलं, पुढच्या मंगळवारी. अंगारकी नाहीये, कॅलेंडरात बघितलं 🙂
रामा नायकांचं पण करायचंय. आईचं म्हणणं ती जिना चढेल पण 'कोणी मागून घाई केली तर मी तिथेच बसेन पायरीवर'.

रुईयाकर
बसू द्या की. अकराच्या आत या, मी पण येतो हवं तर, माझं ऑफिस हल्ली माटुंग्यालाच आहे. मी मागे उभा राहतो, कोणाला पुढे जाऊ देत नाही. तोवर कूपन काढून ठेवतो. आईंना वर पानावर बसवलं की पायसम असेल त्या दिवशी जाऊया, रोजचा गोड पदार्थ वेगळा असतो, फोन करून विचारतो.

वडाळेकरीण
अहो खरंच? आईला सांगितलं की एक जण जिन्यावर पहारा द्यायला येणारेत, तर म्हणाली 'त्यांना जेवायला बसव आपल्याबरोबर, नुसतं उभं नको करू.' आणि ते पैसे तुम्ही द्यायचे नाहीत असंही सांगितलंय.

रुईयाकर
ठरलं. गुरुवार, पावणेअकरा, माटुंगा स्टेशनच्या बाहेर. मी निळा रेनकोट, छे, डिसेंबर आहे. निळा शर्ट.

घोडबंदरवासी
धागा छान. ठाण्यात कोणी अशी जागा सुचवेल का, मामलेदार मिसळ सोडून? सासूबाई ८०, तिखट अजिबात चालत नाही.

सोमवार_बंद
ठाण्यासाठी वेगळा धागा काढा हो, इथे मिसळ शब्द आला की जावई जागे होतात.

कोल्हापुरी_जावई
जागाच हाय.